गोदान, आमचं वावर आणि गोबरचा हिशेब

वणाकाठ

'गोदान'चा विषय निघाला की सगळे होरीबद्दल बोलतात. मला गोबरबद्दल बोलायचं आहे, कारण आमच्या घरातला गोबर मी आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रेमचंदांची ही शेवटची पूर्ण कादंबरी, १९३६ची. अवधमधलं बेलारी हे गाव. होरी महतो हा तिथला लहानसा कास्तकार, त्याची बायको धनिया, मुलगा गोबर, मुली सोना आणि रूपा. दारात एक गाय असावी एवढीच होरीची हौस. भोला गवळ्याकडून ८० रुपयांची गाय उधारीवर येते, होरीचा सख्खा भाऊ हीरा जळफळाटाने तिला विष घालतो, आणि मग दारोगा, पंचायतीचा दंड, सावकार असं एकामागून एक घरावर येत जातं.

मला जो प्रसंग सोडवत नाही तो होळीचा. लखनौला पळून गेलेला गोबर चार पैसे कमावून गावी आला आहे. पंडित दातादीन म्हणतो, माझे २०० रुपये निघतात. मूळ कर्ज ३० रुपयांचं. गोबर तिथल्या तिथे हिशेब मांडतो: शेकडा महिना १ रुपया धरला तर १० वर्षांचं व्याज ३६, मुद्दल धरून ६६. हे घ्या ७० आणि विषय संपवा. दातादीन ब्राह्मणाच्या पैशाची भीती घालून चालू लागतो, आणि होरी घाबरून त्याच्या मागे धावतो, पै न् पै देईन म्हणून कबूल करतो. गोबरला संताप येतो. बापलेकांत बिनसतं ते बिनसतंच.

आमचं गाव हिंगणघाटच्या पलीकडे. आठ एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर. मी शिकायला नागपूरला आलो आणि पुढे बुटीबोरीच्या एमआयडीसीत लागलो. दर दिवाळीला घरी गेलो की वही काढून बसायचो. बाबा जूनमध्ये बियाणं, खत, फवारणीचं औषध गावातल्या एका कृषी केंद्रातून उधार उचलायचे आणि दिवाळीनंतर कापूस त्याच दुकानदाराच्या काट्यावर टाकायचे. भाव बाजारापेक्षा कमी, वजनातून कापायची कट्टी वेगळी. हिंगणघाटच्या मार्केट यार्डात गाडी नेली असती तर भाडं जाऊन किती उरलं असतं ते मी रुपयांत लिहून दाखवायचो. बाबा वही नीट बघायचे, "बरोबर हाये तुयं" म्हणायचे, आणि पुढच्या वर्षी गाडी परत त्याच काट्यावर.

कॉलेजात असताना गोबरचा तो प्रसंग वाचून मी अक्षरशः मूठ आवळली होती. आता पन्नाशीला पुन्हा वाचली तेव्हा दिसलं ते असं: गोबरचा हिशेब शंभर टक्के बरोबर आहे, पण तो चार दिवसांनी लखनौला निघून जाणार आहे. दातादीनच्या दारावरून रोज जायचंय ते होरीला. पेरणीला बैल मागायचा तर याच माणसांकडे, पोरीच्या लग्नाला चार माणसं उभी करायची तर हीच. आईला एकदा रात्री बारानंतर झटके आले होते. सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायला जीप कोणाची आली? त्याच दुकानदाराची. माझ्या वहीत त्या जीपचा रकाना नव्हता.

याचा अर्थ मी त्या काट्याचं समर्थन करतो असा नाही. बहिणीच्या लग्नाला बाबांनी दोन एकर विकलं, त्यालाही मी आजपर्यंत चूकच म्हणतो. पण ज्याला उद्या त्या गावात उठायचं नाही त्याने मांडलेला हिशेब आणि ज्याला उठायचं आहे त्याने गिळलेला हिशेब, हे दोन्ही प्रेमचंदांनी एकाच पानावर ठेवलेत आणि कोणालाही खोटं पाडलं नाही. मला ही कादंबरी त्यासाठी मोठी वाटते.

तुमच्या घरात होरी कोण आणि गोबर कोण? मोकळेपणाने लिहा.


रानजाई

तुम्ही बापलेकांपुरतं लिहिलंत. धनिया कुठे गेली?

मी हिंगणा तालुक्यात बचत गटांचं काम करते. ही कादंबरी आमच्याकडे माझ्या आईमुळे आली. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षा ती लग्नानंतर देत होती, कोविदपर्यंत गेली. (समितीची स्थापना १९३६ची. 'गोदान'ही त्याच वर्षाचं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भारतीय साहित्य परिषद भरली तेव्हा प्रेमचंद इथे आले होते. आपल्या शहरात ही आठवण फारशी कोणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं.) आईच्या प्रतीत दारोग्याच्या प्रसंगाला पेन्सिलीची जाड रेघ आहे. गाय मेली, हीरा पळाला, दारोगा हीराच्या घराची झडती घेणार. भावाची अब्रू जाऊ नये म्हणून होरी दारोग्याला द्यायला कर्ज काढतो, आणि ते पैसे घेऊन निघालेला असताना धनिया झडप घालून सगळ्या गावासमोर उधळून देते. कर्ज मुलांच्या तोंडचा घास काढून फेडायचं, आणि पैसा जाणार दारोग्याच्या आणि त्याच्याशी संगनमत केलेल्या गावच्या पुढाऱ्यांच्या घशात, हे एकटी ती बोलते.

म्हणजे हिशेब लखनौहून आलेल्या गोबरलाच येतो असं नाही. धनियालाही येतो, आणि तिला तर उद्या त्याच गावात उठायचं असतं! मग तुमचा मुद्दा थोडा डळमळतो, नाही का?

माझ्या गटातल्या बायकांचं सांगते. नवऱ्याचं खातं थकीत, म्हणून बँक त्याला दारात उभं करत नाही. मग छोट्या कर्जाच्या कंपन्यांचं कर्ज बायकोच्या नावावर निघतं, त्या पैशातून खत येतं, आणि आठवड्याच्या हप्त्याला वसुलीवाला आला की बाहेर येऊन उभी राहते ती. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, कर्जाच्या कागदावर आहे. एका ताईला मी विचारलं, एकूण किती देणं आहे? वही न बघता तिने कोणाचं किती, कोणत्या वारी, सगळं सांगितलं. नवरा शेजारी बसून ऐकत होता, त्याला अर्धंही माहीत नव्हतं.


वणाकाठ

ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण धनियाचीही दुसरी बाजू बघा. सोनाच्या लग्नाच्या वेळी सोना स्वतः निरोप पाठवून सासरच्यांना हुंडा नको म्हणायला लावते. तिकडून तसं पत्र येतं. होरी सुटलो म्हणतो, आणि धनियाच अडून बसते: त्यांनी मोठेपणा दाखवला, आता आपणही मरजाद, म्हणजे घराची अब्रू, राखली पाहिजे. दारोग्यासमोर पैसे उधळणारी हीच बाई! आमच्याकडे बहिणीच्या वेळी अगदी हेच. मुलाकडचे साधं करू म्हणत होते. आईने ऐकलं नाही. दोन एकर विकायचा शब्द पहिल्यांदा आईच्या तोंडून निघाला होता.


रानजाई

ती बाजू मला माहीत आहे, आणि म्हणूनच मला धनिया खरी वाटते. लाच देणं तिला अपमान वाटतो, लेकीला रिकाम्या हाताने पाठवणं हाही अपमानच वाटतो. तुमच्या आईला विचारलंत का कधी, तिच्या लग्नात काय झालं होतं ते? माझ्या आईला विचारलं तेव्हा कळलं, तिला आणलेल्या पातळावरून जाऊ वर्षभर बोलत होती. लेकीच्या वाट्याला ते नको एवढंच तिला दिसत होतं.


पानवाचक

मला ही कादंबरी अर्धीच आवडते. जमीनदार रायसाहेब, प्राध्यापक मेहता, डॉक्टर मालती, कारखानदार खन्ना यांची शहरातली संभाषणं, शिकारीची सहल, ती लांबलचक चर्चा, हे सगळं वेगळं पुस्तक वाटतं. गावाचा भाग तेवढा वाचावा असं माझं मत. तुम्ही दोघांनीही शहराचा भाग घेतलेला नाही हे लक्षात आलं.


वणाकाठ

चर्चा लांबलेल्या आहेत, ते खरं. पण रायसाहेब वगळू नका. तोही कर्जात आहे, निवडणूक आणि मुलीच्या लग्नापायी. त्याची मरजाद होरीच्या मरजादेपेक्षा किती तरी महाग, आणि त्याचा भार शेवटी होरीसारख्यांच्याच डोक्यावर. आणि खन्नाच्या साखर कारखान्याचा संप तर बुटीबोरीत नोकरी केलेल्या माणसाने जरूर वाचावा. साखरेवर कर लागला म्हणून मालक मजुरीत कपात करतात, संपात गोबर मार खाऊन अंथरुणाला खिळतो, आणि घर त्याची बायको झुनिया गवत विकून चालवते. गावात बापाला हिशेब शिकवणारा मुलगा इथे दुसऱ्याच्या हिशेबात कापला जातो.


गटसचिव निवृत्त

मी वर्धा जिल्ह्यात सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. तेव्हा कागदाची बाजू मी सांगतो, कारण 'सावकार' म्हटलं की लोकांना मिशीवाला माणूस डोळ्यासमोर येतो.

पीककर्ज खरिपाआधी उचलायचं आणि ३१ मार्चच्या आत भरायचं. वेळेत भरलं तर व्याजात सवलत, नाही तर खातं थकीत. आता कोरडवाहू कास्तकाराकडे मार्चमध्ये रोकड असतेच असं नाही. कापसाचा पैसा उधारीत आणि घरखर्चात गेलेला असतो. मग तो चार-आठ दिवसांसाठी बाहेरून पैसा उचलतो, खातं भरतो, नवं कर्ज मंजूर झालं की बाहेरचा पैसा परत करतो. याला आमच्याकडे नवं-जुनं करणं म्हणतात. कागदावर कर्ज वेळेत फेडलेलं, सोसायटीची वसुली चांगली, सगळे खूश. त्या आठ दिवसांचं बाहेरचं व्याज मात्र कुठेच लिहिलं जात नाही. होरीचं दुसरं काय चाललेलं असतं? एकाचं घेऊन दुसऱ्याचं भरायचं.

वणाकाठ, तुमचं आठ एकर कोरडवाहू असेल तर २००८च्या केंद्राच्या माफीत तुमचे बाबा पूर्ण बसले नसणार. पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंत, म्हणजे ५ एकर. त्याच्या वर जमीन असेल तर बाकी रक्कम भरली तरच थोडी सूट. ओलिताच्या दोन एकरांत जे निघतं ते आपल्याकडे कोरडवाहू आठ एकरांत निघेलच याची खात्री नाही, पण नियमाने आठ एकरवाला मोठा शेतकरी. माझ्या टेबलासमोर माणसं नुसती उभी राहायची. काय सांगणार त्यांना? पुढे २०१७ला दीड लाखापर्यंत, २०१९ला दोन लाखांपर्यंत अशा राज्याच्या माफ्या आल्या. त्याही थकीत खात्यांना मुख्यतः, तेव्हा नवं-जुनं करून खातं चालू ठेवणारा प्रामाणिक माणूस परत बाजूला.

होळीच्या प्रसंगाचं लिहिलंत त्यात एक राहिलं. गोबर गावातल्या पोरांना घेऊन नक्कल बसवतो, सावकारी करणाऱ्या ठाकूर झिंगुरीसिंहाची. शेतकरी १० रुपयांचा कागद लिहून देतो आणि हातात ५ येतात. १ नजराण्याचा, १ तहरिरीचा (लिहिणावळीचा), १ कागदाचा, १ दस्तुरीचा (दलालीचा), १ व्याजाचा. शेतकरी म्हणतो, मालक, हे पाचही तुम्हीच ठेवा: एक धाकट्या ठकुराइनीचा नजराणा, एक थोरलीचा, दोन त्यांच्या पानाचे, आणि उरलेला एक तुमच्या क्रियाकर्माला. ही नक्कल मी आमच्या कार्यालयात वाचून दाखवली होती. आमच्याकडे नजराणा नव्हता. पण स्टॅम्प, सर्च रिपोर्ट, आसपासच्या प्रत्येक बँकेचा नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा) दाखला, त्यासाठी मजुरी बुडवून मारलेल्या खेपा, हे सगळं धरलं तर कर्जातला पहिला तुकडा कर्ज मिळवण्यातच जायचा.


वणाकाठ

गटसचिव साहेब, बरोबर ओळखलंत. २००८ला बाबा बसले नाहीत. पाच एकरवाल्या शेजाऱ्याचं सगळं माफ झालं आणि बाबांनी त्याच्या घरी जाऊन पेढा खाल्ला. त्या पेढ्याचा राग मला कित्येक वर्षं होता.

एक लिहायचं राहिलं. बाबा आता आमच्याकडे नागपुरात मानेवाड्याला राहतात. डोळ्यांनी वाचवत नाही, म्हणून मी संध्याकाळी त्यांना 'गोदान' मराठीत सांगत वाचून दाखवतो. मला वाटलं होतं होरी त्यांना जवळचा वाटेल. तसं झालं नाही. दारोग्याच्या प्रसंगाला ते म्हणाले, "इतकं कायले करा लागते? भावानं गाय मारली तं मारली. पोलिसाले सांगाचं नाई इथवर ठीक हाये, पण त्याच्यासाठी कर्ज काऊन काढाचं?" मी म्हटलं, बाबा, तुम्ही काकांवरची धुऱ्याची (शेताच्या बांधाची) केस मागे घेतली होती. दोन तास कोर्टात बसून तडजोडीवर सही केली होती. ते म्हणाले, "म्या जमीन सोडली, कर्ज नाई काढलं. सोडण्यात आन् काढण्यात फरक हाये." हा फरक कुठल्या समीक्षेत मी वाचलेला नाही.

कृषी केंद्राच्या काट्याचंही विचारलं. म्हणाले, यार्डात कापूस नेला की तीन दिवस गाडीखाली झोपा लागत होतं, घरी वेचणी चालू, ढोरं उपाशी. "तुया वहीत तीन दिस कुठी होते?"


मिहानवाला

मी पंचविशीचा आहे, आमचं वावर काटोलकडे, संत्र्याचं. वडिलांशी माझं याच विषयावर भांडण चालू आहे, म्हणून धागा सलग वाचला. मी म्हणतो बाग विकून टाका आणि नागपूरला या. ते म्हणतात झाडं जगवायची आहेत. गोबर शेवटी गावी परत येतो का? मी अजून मध्यावर आहे.


वणाकाठ

दादा, शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, बापाबद्दलचं त्याचं मन बदलतं, आणि होरीला ते त्याच्या तोंडून ऐकायला मिळतं. तेवढं पान सावकाश वाच.


इंदोरा चौक

धागा चांगला चालला आहे, पण सगळे होरीच्या घरातूनच बघताहेत म्हणून लिहितो.

माझे आजोबा उमरेडकडे सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरायचं, वर्षाची ज्वारी आणि थोडी रोकड, आणि आगाऊ उचल घेतली की पुढच्या सालालाही तोच मालक. आम्हाला वावर नव्हतं, त्यामुळे गहाण टाकायला काही नव्हतं, आणि मरजाद म्हणाल तर ती आमच्याकडे असते हेच गाव मानत नव्हतं. मी 'गोदान' वाचतो ते चांभार समाजातल्या सिलियासाठी. दातादीनचा मुलगा मातादीन तिला ठेवतो, खळ्यावर राबवून घेतो. दुकानवाल्या दुलारीचे दोन पैसे फेडायला ती मूठभर धान्य देते तर तेही परत घ्यायला लावतो. राबायचं तिने आणि धान्यावर हक्क शून्य. मग तिचे आईबाप आणि भाऊबंद येतात आणि मातादीनच्या तोंडात हाड कोंबतात. आमच्या घरी हे पान वाचलं तेव्हा आजी उठून बसली होती.

वणाकाठ, तुम्ही म्हणता ज्याला गावात उठायचं नाही त्याचा हिशेब सोपा. आमच्यासाठी गाव सोडणं हाच हिशेब होता. बाबासाहेबांनी गाव सोडा म्हणून सांगितलं ते आजोबांनी ऐकलं आणि ते एम्प्रेस मिलमध्ये लागले. ती गिरणी १ जानेवारी १८७७ला सुरू झालेली, आणि आमच्यासारखी कितीतरी घरं तिच्या भोंग्यावर उठली. १४ ऑक्टोबर १९५६ला आजोबा दीक्षाभूमीवर होते. ते गावाकडे परत फिरले ते फक्त आजीला आणायला. गोबरला शहरात बापाची आठवण येते, लाज वाटते, ओढ वाटते. आजोबांना गावाची ओढ वाटल्याचं मी कधी ऐकलं नाही. कादंबरीत त्यांच्यासारख्याचं शहरात जाणं नाही, ते मला हवं होतं.


रानजाई

इंदोरा चौक, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सिलियाला घरातून हाकलल्यावर तिला आसरा देते ती धनियाच. पण आसरा देणं आणि तिचा वाटा तिला मिळणं यांत अंतर आहे, ते तुमच्यामुळे नीट दिसलं.


वणाकाठ

तुमचा प्रतिसाद मी बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. आमच्याही घरी सालदार होते. बाबा म्हणाले, त्यांची कपबशी कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, देवळीत ठेवलेली असायची, धुवायची त्यांची त्यांनी. २००८ला जे आम्हाला मिळालं नाही त्याची मी इतकी वर्षं गणितं केली. सालदाराच्या घराला तर माफीचा प्रश्नच नव्हता, त्यांना कर्ज द्यायलाच कोणी बसलेलं नव्हतं. माझ्या वहीत त्यांच्या सालाची रक्कम 'खर्च' या रकान्यात आहे, फवारणीच्या औषधाच्या खाली.


इंदोरा चौक

वाचून दाखवलंत हे चांगलं केलंत. एक विचारतो. कादंबरीच्या शेवटाकडे मातादीन जानवं काढून टाकतो आणि सिलियाच्या झोपडीत राहायला येतो. तिला आपल्या घरी नेत नाही, स्वतः तिच्याकडे येतो. प्रेमचंदांनी हे १९३६ला लिहिलं. तुमच्या बाबांच्या उभ्या आयुष्यात, त्यांच्या भागात, असा कोणी आला होता का?


वणाकाठ

विचारलं. आमच्या गावात नाही. शेजारच्या गावात पाटलांचा एकजण गेला होता म्हणाले, साधारण बाबांच्याच वयाचा. भावांनी हक्कसोड पत्रावर सही घेतली तेव्हाच त्याला घरातून कपडे नेऊ दिले. ओलिताचं वावर होतं, वणेच्या काठचं. तो पुढे बायकोला घेऊन नागपूरला आला आणि कॉटन मार्केटला हमाली करायचा. त्या काळी बाबा कापूस घेऊन आले की त्याला भेटायचे, पण गावात कोणाला सांगायचे नाहीत.